थंडीच्या आधी घराभोवती एक फेरी

"माळशिरसला कसली आलीय गं थंडी?" पुण्याच्या आमच्या वन्सं दर दिवाळीला हा प्रश्न विचारतात, आणि दर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कुडकुडत माजघरात येऊन माझ्याच पांघरुणाचं टोक ओढतात. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! सोलापूर जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एप्रिल-मे मधलं रणरणतं ऊनच उभं राहतं. पण मैत्रिणींनो, ज्या उघड्या माळामुळे उन्हाळ्यात आपली होरपळ होते, त्याच माळामुळे हिवाळ्यात रात्री काकडायला होतं. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की आपली ऊब भराभर वर सोडून देते, आणि तिला अडवून धरायला वर ढगाचं पांघरूण नसतं. त्यामुळे दुपारी एकला पापड वाळावेत असं ऊन, आणि पहाटे पाचला हौदातल्या पाण्यात हात घालवत नाही. दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक आपल्याकडे नेहमीचा. निरेच्या उजव्या कालव्याच्या बाजूला, उसाच्या फडांलगत ज्यांची वस्ती आहे त्यांना तर ओलाव्यामुळे थंडी जास्तच झोंबते.

सपाटीच्या गावात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली आला, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरला, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. अशा लाटा आपल्याकडे फार दिवस टिकत नाहीत. पण घरात थंडी सोसणारी माणसं दोनच असतात, एक सगळ्यांत लहान आणि एक सगळ्यांत म्हातारं. मधल्या आपण सगळ्या कामाच्या रगाड्यात स्वेटर घालायलासुद्धा विसरतो! म्हणून घराची तयारी करायची ती या दोघांच्या अंथरुणावर नजर ठेवून.

आमचं घर तीन तऱ्हांचं आहे. जुना वाडा माळवदाचा, मागची पडवी पत्र्याची आणि पुढे नंतर बांधलेल्या दोन खोल्या स्लॅबच्या. माळशिरस, नातेपुते, वेळापूर या बाजूला असं तीन पिढ्यांचं मिळून एक घर पुष्कळांचं असतं. गंमत अशी की या तीन छपरांची थंडी वेगवेगळी आणि औषधंही वेगवेगळी.

माळवद

माळवदाला हल्लीच्या मुली नाकं मुरडतात. माती गळते, उंदीर होतात, कोळिष्टकं झाडून हात दुखतात. खरं आहे सगळं. पण दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर माती यांच्यासारखी ऊब कुठल्या छपराला येत नाही. जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू आत घेते आणि रात्री तितक्याच सावकाशीने परत देते. आमच्या माजघरात पहाटे चार वाजता जितकं उबदार असतं तितकं पुढच्या स्लॅबच्या खोलीत रात्री दहाला नसतं.

माळवदाची डागडुजी पावसाळ्याआधी करायची असते हे सर्वांना माहीत आहे. पण दिवाळीनंतर एकदा वर चढून पाहणंही तितकंच जरुरीचं. आपल्याकडे पावसाचा मोठा जोर आषाढ-श्रावणात नसतो, तो सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो. २०२० साली तर ऑक्टोबरच्या मध्यावर सगळ्या जिल्ह्याला अतिवृष्टीने झोडपलं. त्या पावसात वर गवत माजतं, मग कडक ऊन पडलं की माती आखडून भेगा पडतात. गवत मुळासकट काढावं, नुसतं कापू नये, कारण मुळं कुजली की तिथूनच भोकं पडतात. भेगांत पांढरी माती कालवून भरावी आणि चोपणीने चोपावी.

इथे एक सांगायला हवं. भेग दिसली की वर नवीन थर टाकायचा ही सवय वाईट. दर वर्षी पाटी-पाटी करत छपरावर किती ओझं चढतं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेत दगावली ती अशाच दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. आमच्या आजेसासूबाई त्याआधीपासून सांगायच्या, "आधी जुनी खरवडा, मग नवी घाला." तेव्हा तो टापटिपीचा नियम वाटायचा.

माळवदाला सानं असतं. उजेड यावा, चुलीचा धूर जावा म्हणून छपरात ठेवलेलं ते भोक. थंडीत वरून गार वारा उतरतो म्हणून पुष्कळजणी सान्यात पोतं कोंबून टाकतात. तसं करू नका. सान्यावर चार बोटं उंचीवर टेकू देऊन पत्र्याचा किंवा काचेचा तुकडा ठेवा, म्हणजे दव आणि वारा थेट खाली येणार नाही आणि धुराची वाट मोकळी राहील. ही वाट मोकळी राहणं किती मोलाचं आहे ते मला कसं कळलं, ते आता सांगते. बारा वर्षं झाली त्याला. घरातल्या सगळ्यांना विचारून मगच लिहिते आहे.

त्या रात्रीची शेगडी

वर ज्यांची थट्टा केली त्याच वन्सं पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. मुलगा झाला. पौषातली थंडी, बाळ अठरा दिवसांचं. सासूबाईंनी ठरवलं की बाळंतिणीला माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत कशाला, पुढची नवीन स्लॅबची खोली द्यायची. स्वच्छ फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या, दाराला घट्ट बसणारी चौकट. आम्हा सगळ्यांना त्या खोलीचं कोण कौतुक!

बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देण्याची आपली जुनी पद्धत. वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी. सासूबाईंची स्वतःची चार बाळंतपणं त्याच शेगडीवर झालेली. रोज तिन्हीसांजेला शेक झाला की त्या शेगडी बाहेर काढत. त्या रात्री मात्र गारठा फार होता. बाळाचे पाय गार लागत होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं आजच्या रात्री आत. धूर काही नाही, नुसते निखारे आहेत." खिडकीच्या फटीतून वारा येत होता, तिथे मी स्वतःच्या हाताने जुनं लुगडं फाडून चिंध्या भरल्या. दाराच्या खालच्या फटीला पोत्याची गुंडाळी लावली. खोली कशी छान उबदार झाली म्हणून मी समाधानाने झोपायला गेले.

दोनच्या सुमारास दार वाजलं, तेही धड वाजलं नाही, काहीतरी आपटल्यासारखं झालं. दार ढकललं तर वन्सं उंबऱ्यात पडलेल्या. "वहिनी, डोकं फुटतंय," एवढंच म्हणाल्या आणि भडाभडा ओकल्या. मी आत धावले. बाळ रडत नव्हतं. उचललं तर मान टाकल्यासारखं, अंग लुळं. काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्याला घेऊन तशीच उघड्या अंगणात आले. यांनी वन्संना उचलून बाहेर आणलं. त्या गार हवेत पाच-सात मिनिटांनी बाळ बारीक रडलं. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. नंतर जीप, दवाखाना, नळीने ऑक्सिजन, दोन दिवस देखरेख. देवाच्या दयेने आणि वन्संना वेळेवर जाग आली म्हणून दोघंही सुखरूप परत आली.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं समजावून दिलं. कोळसा किंवा लाकूड जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धूर असला तर माणूस खोकतं तरी, उठून दार तरी उघडतं. लालबुंद बिनधुराचा निखारा म्हणूनच अधिक फसवा. आपल्या रक्तातला जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. मग श्वास चालू असतो पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, गुंगी येते. झोपेतच असलं तर माणसाला यातलं काही कळतही नाही. लहान बाळ श्वास भरभर घेतं, म्हणून त्याला विषबाधा आधी होते.

"पण आमच्या वेळी कसं काही झालं नाही?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी उलट विचारलं, "तुमच्या वेळी खोली कुठली होती?" माळवदाची खोली, वर सानं, दाराच्या फळ्यांतून बोट जाईल एवढ्या फटी. शेगडी तीच, पद्धत तीच. फक्त घर बदललं होतं आणि उरलेली फट मी बुजवली होती.

सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती शेगडी परसात नेली, तीत माती भरली आणि कोरफड लावली. आजही ती तिथेच आहे.

तेव्हा बायांनो, बंद खोलीत शेगडी, घमेल्यातले निखारे, शेकोटीची राख, काहीही ठेवून झोपायचं नाही. खोली तापवायला गॅसची शेगडी लावून ठेवायची नाही. 'थोडीशी खिडकी उघडी आहे' यावरही विसंबू नका. शेक द्यायचाच असेल तर जागेपणी, दार-खिडकी उघडी ठेवून, आणि बाळाला दुसऱ्या खोलीत घेऊन. धुरीची बाळाला काडीची गरज नाही, त्याच्या छातीला तो धूर बाधतो. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तोसुद्धा याच जातीचा. तो न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आणि न्हाणीला वर जाळी हवीच. घरातल्या दोघातिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर अपचन म्हणून ओवा चावत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दारं उघडा आणि दवाखाना गाठा.

मग बाळाला ऊब कशाची?

आईची! याचा शास्त्रीय अभ्यास १९७८ साली दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी सुरू झाला. तिथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळं फार आणि ऊब देणाऱ्या पेट्या कमी, अशी अडचण होती. तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी उभं बांधायला सुरुवात केली. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते तसं, म्हणून 'कांगारू पद्धत'. आता आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही ती शिकवतात. बाळाच्या डोक्यावाटे सगळ्यात जास्त ऊब निघून जाते, तेव्हा टोपरं हवंच. पायात मोजे आणि अंगावर एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ. आंघोळ दुपारच्या उन्हाच्या वेळी. फार थंडीच्या दिवशी नुसतं पुसून घेतलं तरी चालतं.

मला ही पद्धत प्रत्यक्ष दिसली ती मात्र उसाच्या फडात. आपल्या तालुक्यात कारखान्यांचे गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि तोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, नगरकडच्या. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत ती माणसं अख्खी थंडी काढतात. एका वर्षी आमच्या भिशीतल्या बायकांनी जुन्या वाकळा गोळा करून एका तळावर नेऊन दिल्या. तिथे एक पोरगेलीशी बाळंतीण होती. बाहेर शेकोटी पेटलेली, पण ती कोपीत बसलेली. मी म्हटलं, "अगं, आत विस्तव घेत नाहीस ते बरं करतेस." ती हसली. "पाचटाच्या कोपीत कोण इस्तू घेतं वो ताई?" आणि तिने पदर बाजूला करून दाखवलं. चोळीच्या आत, छातीशी, बाळ गाढ झोपलेलं. वरून नवऱ्याचं मफलर गुंडाळलेलं. आमच्या घरात फरशी होती, खिडक्या होत्या, आणि तरी आम्ही काय करून बसलो होतो ते मला आठवलं. त्या तळावरचं पाणी, उघड्यावरची न्हाणी, पहाटे चारला फडात जाणं, यावर एका वाकळेने काय होणार हा प्रश्न वेगळा, आणि तो माझ्या मनातून गेलेला नाही.

अंथरूण आधी, पांघरूण नंतर

थंडी वाजली की आपण अंगावर एकावर एक पांघरुणं चढवतो आणि खाली एक सतरंजी. वास्तविक निम्मी थंडी खालून येते. शहाबादी फरशी असेल तर ती अंगातली ऊब अक्षरशः शोषून घेते. शेणाने सारवलेली भुई त्या मानाने कमी गार. म्हणून फरशीवर आधी पोतं किंवा चटई, त्यावर सतरंजी, त्यावर वाकळ अशी बैठक घाला. बाजेवर किंवा लोखंडी खाटेवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या खाली तर दुप्पट हवं, कारण खालून वारा खेळत असतो. आमच्या मामंजींचं 'रात्री कंबर धरते' हे दुखणं नुसती एक वाकळ अंगावरून अंगाखाली घातल्यावर निम्मं गेलं!

पांघरुणात ऊब कापडाची नसते, कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेची असते. म्हणून जुन्या मऊ लुगड्यांच्या सात-आठ पदरांची वाकळ एका जाड रगापेक्षा सरस ठरते. पण ती दडपून चपटी झाली, ओशट झाली की हवा उरत नाही. कापसाच्या गाद्या-रजयांचंही तेच. कापसाचे गोळे झाले असतील तर दिवाळीनंतर लगेच पिंजून घ्या, पौषात पिंजाऱ्याच्या दुकानात रांग लागते. कापूस पिंजायचा नसेल तर निदान तीन दिवस कडक उन्हात घालून काठीने बडवा आणि दुपारी तीनच्या आत घरात घ्या. संध्याकाळपर्यंत बाहेर राहिली तर दवाचा गारवा धरते.

आपली सोलापुरी चादर सुती आणि घट्ट विणीची. एकटी ती कडाक्याच्या थंडीला पुरत नाही, पण वाकळेवर सगळ्यात वर घातली की आतली हवा कोंडून धरते. उलट क्रमाने घालून पाहा, फरक कळेल.

आणि घोंगडी! माणदेश आपल्या शेजारीच. तिथल्या सनगरांनी दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची विणलेली घोंगडी एके काळी घरोघर असे. टोचते म्हणून मुलं घेत नाहीत. त्यांना ती सुती चादरीच्या वरून द्या. नवीन घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, तिच्या वासावर उंदीर आणि कसर येते. म्हणून घोंगडी पेटीत नुसती घडी करून टाकू नये. ऊन द्यावं, झटकावी, कडुलिंबाचा वाळलेला पाला घडीत ठेवावा. गरम पाण्यात धुवायची नाही, आटते. रिठ्याच्या गार पाण्यात बुचकळून, न पिळता, आडव्या खाटेवर वाळत घालावी. स्वेटर-मफलरनाही हाच नियम.

पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो. अशा बाळाला गोळ्यांचा वास भरलेलं झबलं-दुपटं घातलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कुठल्या बाळात हा दोष आहे ते वरून कळत नाही. तेव्हा बाळाच्या कपड्यांत गोळ्या ठेवूच नका, आणि थोरल्याचे कपडे धाकट्याला काढाल तेव्हा धुऊन दोन-तीन दिवस ऊन दिल्याशिवाय घालू नका.

पत्रा आणि स्लॅब

पत्र्याची खोली म्हणजे दिवसा भट्टी आणि रात्री बर्फ. पातळ पत्रा रात्री उघड्या आभाळाकडे ऊब फेकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, आणि आत माणसांच्या श्वासाने त्याला घाम सुटून पहाटे अंगावर थेंब पडतात. यावर उपाय एकच, पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये हवेचा थर हवा. बांबूचे तट्टे किंवा धुतलेल्या पोत्यांचं तरट शिवून पत्र्याखाली वीतभर अंतरावर ताणून बांधा. बाजूच्या भिंतीच्या वर जिथे पत्र्याच्या पन्हळी टेकतात, तिथली भोकं एका बाजूने बुजवा, दुसऱ्या बाजूची राहू द्या. चूल, दिवा किंवा विजेच्या उघड्या तारा असतील तिथे तरट बांधू नका. थर्माकोल तर कुणी फुकट दिलं तरी नको, ते ठिणगीने पेटतं.

फटींचा नियम तिन्ही घरांना एकच. झोपलेल्या माणसाच्या अंगावर येणारी खालची फट बंद, डोक्याच्या वरची उघडी. दाराच्या खालच्या फटीला जुन्या धोतराची लांब नळी शिवून त्यात वाळू भरून ठेवावी. दार उघडताना पायाने सरकवता येते, आणि उंदीर-विंचवालाही अटकाव होतो. खिडकीच्या काचा हलत असतील तर सुताराला बोलवून पुट्टी भरून घ्या.

आणि ऊन आत घ्या! हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. २२ डिसेंबरच्या आसपास तर भर दुपारीही तो आपल्याकडे आकाशात निम्म्यावरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. दक्षिणेची खिडकी म्हणून पुष्कळ घरांत ती कायमची बंद असते. ज्यांना काही मानायचं असेल त्यांनी उरलेले आठ महिने मानावं, पण हे चार महिने अकरा ते तीन ती खिडकी उघडावी आणि सूर्य कलला की लगेच लावून घ्यावी.

न्हाणीघर

बंबाची घरं आता थोडी राहिली. बहुतेकींकडे पाण्यात सोडायचा विजेचा रॉड असतो, आणि थंडीत त्यापायी अपघात होतात. पंधराशे वॅटचा रॉड बादलीभर पाणी पंधरा-वीस मिनिटांत आंघोळीजोगं करतो, वीज अर्धा युनिटच्या आसपास. एवढ्यासाठी 'तापलं का' म्हणून बोट बुडवून पाहायची घाई कशाला? आधी रॉड पाण्यात, मग बटण. आणि काढताना आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग रॉड. पाण्यात हात त्यानंतरच. तीन पायांची पिन तोडून दोन पायांची करू नका, तो तिसरा पाय जीव वाचवायलाच असतो. लोखंडी बादलीत रॉड सोडू नका, प्लॅस्टिकच्या बादलीला टेकू देऊ नका. घराच्या मुख्य फलकावर शॉक बसताक्षणी वीज तोडणारं उपकरण बसवून घ्या. वायरमन 'ईएलसीबी' किंवा 'आरसीसीबी' म्हणतात ते. एखाद्या साडीच्या किमतीत येतं.

उकळतं पाणी ओसरीवरून न्हाणीपर्यंत उचलून नेण्यापेक्षा बादली न्हाणीतच ठेवून त्यात आधी गार, मग गरम ओतावं. रांगतं मूल घरात असेल तर हा क्रम चुकवू नका.

म्हाताऱ्या माणसांना पहाटे उठून लगेच गार ओट्यावर, उघड्या अंगाने आंघोळीला जाण्याची सवय असते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. मामंजींना आम्ही हे कितीदा सांगितलं! शेवटी सासूबाईंनी पाणी सात वाजेपर्यंत तापवायचंच नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे जमलं. फिरायला जायचं ते ऊन आल्यावर, कानाला मफलर बांधून.

स्वयंपाकघरातलं थोडंसं

हे तुम्हाला मी सांगायला नको. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. कोरड्या थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत आणि मग पायात गोळे येतात. त्यांना जेवणाआधी वाटीभर माडगं द्या, पाणीही जातं आणि पोटही शेकतं. टाचांना रात्री तेल लावून मोजे घाला, सकाळी लावलेलं तेल धुळीने वाया जातं.

यंदाच्या दिवाळीत वन्सं येतील तेव्हा बरोबर तो मुलगाही असेल, आता सहावीत आहे. पुढच्या खोलीत झोपायचं म्हणतो, कारण टीव्ही तिथे आहे. त्या खोलीच्या खिडकीवर वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी मी गवंड्याकडून वीतभर जाळी काढून घेतली आहे. त्याने मागच्या वेळी विचारलं, "मामी, इथून गार वारा येतो, इथे पुठ्ठा लावू का?" सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. माझ्या आधी त्याच म्हणाल्या, "हात लावशील त्या जाळीला तर बघ!" आणि उठून त्याच्यासाठी दुसरी वाकळ काढायला गेल्या.